झुलती शेगडी

१० सप्टेंबर २०१७ रोजी भारतीय नौदलातील सहा स्त्री-अधिकारी ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाल्या. लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी या त्यांच्या नेत्या होत्या. नौका अवघी १७ मीटर लांब. तीवर वेगळा स्वयंपाकी कोठून असणार?

महासागर ओलांडणाऱ्या अशा नौकेवर पहाऱ्याच्या पाळ्या असतात, तशाच स्वयंपाकाच्याही असतात. तेथील शेगडी दोन्ही बाजूंनी टांगलेली असते. नौका कलली, तरी ती झोपाळ्यासारखी झुलून सपाट राहते. रांधणाऱ्याला मात्र पट्ट्याने स्वतःस अडकवून, पाय रोवून उभे राहावे लागते. गोडे पाणी मोजके. म्हणून भांडी बहुधा समुद्राच्या पाण्यानेच धुतात.

जानेवारी २०१८ मध्ये ‘तारिणी’ने दक्षिण अमेरिकेच्या टोकाजवळील केप हॉर्न ओलांडले. त्या सागरात कडाक्याची थंडी आणि डोंगराएवढ्या लाटा! सुकाणू धरून बोटे बधिर झाली असता ऊन अन्न मिळाले, तरच पुढील पहाऱ्यास बळ उरते.

२१ मे २०१८ रोजी, २५४ दिवसांनी, सहाही जणी सुखरूप गोव्यास परतल्या. नौकेवर आज सुकाणू धरणारा हातच उद्या पळी धरतो. मग त्यांतील कोणते काम हलके म्हणावे?