गावचा जागल्या आणि यंत्राचा डोळा

मनुष्य वस्ती करून राहू लागला, तेव्हापासून राखणीची काळजी त्याच्या पाठीस लागलेली आहे. ज्वारी हुरड्यास आली की शेतकरी शेतात माळा घालतो आणि गोफण घेऊन पीक राखतो. वाड्याला दिंडीदरवाजा असतो, तर गावाला वेस असते. धाराशिव जिल्ह्यातील नळदुर्गच्या किल्ल्यात उपळी नावाचा एक उंच बुरूज आहे. त्याच्या माथ्यावर उभ्या राहणाऱ्या शिपायास चहूकडचा मुलूख दिसे आणि शत्रूची चाहूल लागताच किल्ला सावध होई. आज राखणीच्या कामासाठी पोलीस खाते कॅमेरे आणि संगणक वापरू लागले आहे. साधने बदलली, तरी राखणीसंबंधीचा एक जुना प्रश्न मात्र कायम आहे. जो सर्वांवर नजर ठेवतो, त्याने जाब कोणाला द्यावयाचा? ह्या पाठात त्या प्रश्नाचा विचार करू.

पूर्वी मराठी मुलखातील गावांत जागल्या असे. गाव झोपला म्हणजे जागत राहणे हे त्याचे काम; म्हणूनच त्याला जागल्या म्हणत. रात्री तो हाती काठी घेऊन गावभर फेरी घाली. गावात कोण नवखा आला, कोणाच्या घरी उतरला, कधी निघून गेला, हे त्याला ठाऊक असे. कित्येक गावांत हे काम रामोशी करीत. चोरी झाली, तर पावलांच्या ठशांवरून ते चोराचा माग काढीत. कोणते पाऊल ओझे वाहणाऱ्याचे, कोणते धावणाऱ्याचे, हे त्यांची सरावलेली नजर मातीवरून ओळखी.

ह्या व्यवस्थेत एक गोष्ट विशेष होती. चोराचा माग शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखविला, म्हणजे पुढची जबाबदारी त्या गावाच्या राखणदारावर जाई. पण माग लागला नाही आणि चोरही सापडला नाही, तर चोरीस गेलेल्या मालाची भरपाई राखणदाराकडून मागण्याची वहिवाट होती. थोडक्यात म्हणजे, गावावर नजर ठेवण्याचा अधिकार ज्याला दिलेला होता, त्याला गाव जाबही विचारीत असे.

तथापि ही जुनी व्यवस्था निर्दोष होती असे मात्र समजू नये. राखणीचे काम जन्मावरून ठरे. ज्यांना गावकुसाबाहेर राहावे लागे, त्यांच्यावरच गावकुसाच्या आत निजणाऱ्यांच्या रक्षणाचा भार असे. त्यांना ते काम नाकारता येत नसे आणि त्याचा योग्य मानही त्यांना मिळत नसे. माणसाची परीक्षा त्याच्या जन्मावरून करण्याची ही खोड पुढे राज्यकर्त्यांच्या दप्तरात शिरली आणि तिने मोठाच अनर्थ केला.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वाटसरूंना फसवून ठार मारणाऱ्या ठगांचा बंदोबस्त इंग्रज सरकारने हाती घेतला. ह्या कामावरील विल्यम स्लीमन नावाच्या अधिकाऱ्याने पकडलेल्या ठगांकडून माहिती घेऊन त्यांच्या घराण्यांच्या वंशावळी तयार केल्या. ठगांविषयी १८३९ साली प्रसिद्ध झालेली इंग्रजी कादंबरी पुष्कळ गाजली. तिचा लेखक मेडोज टेलर हाच पुढे १८५३ पासून १८५७ पर्यंत नळदुर्ग जिल्ह्याचा कारभार पाहत होता. अशा लेखनामुळे आणि वंशावळींमुळे एक कल्पना सरकारी अधिकाऱ्यांच्या मनात दृढ झाली. ती कल्पना अशी की, सुताराचा मुलगा जसा सुतार होतो, तसा चोराचा मुलगा चोरच होणार!

ह्या कल्पनेतून १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. प्रथम तो उत्तर हिंदुस्थानात लागू होता. १९११ च्या नव्या कायद्याने तो मुंबई इलाख्यातही आला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली, की तिच्यातील माणसांची नावे पोलिसांच्या वहीत चढत. नेमलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. गाव सोडावयाचे झाल्यास तसे कळवावे लागे. काही जमातींना काटेरी कुंपणाच्या वसाहतींत ठेवण्यात आले. धाराशिवला लागून असलेल्या सोलापूर जिल्ह्यात, सोलापूर शहरीच, अशी एक मोठी वसाहत होती. ज्याने कोणाच्या काडीलाही हात लावला नव्हता, अशा माणसालाही केवळ जन्मामुळे हजेरीला उभे राहावे लागे.

ह्याच सुमारास पोलिसांच्या हाती एक नवे शास्त्र आले. आपल्या बोटांच्या टोकांवर बारीक रेषा असतात. काही बोटांवर त्या शंखासारख्या वळतात, तर काहींवर चक्रासारख्या गोल फिरतात. हे शंख आणि चक्र जन्मभर बदलत नाहीत आणि एकाच्या बोटांवरील रेषा दुसऱ्याच्या रेषांशी जुळत नाहीत. परंतु हजारो ठशांतून हवा तो ठसा शोधावा कसा? बंगालच्या पोलीस खात्यातील एडवर्ड हेन्री ह्या अधिकाऱ्याच्या हाताखाली अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस ह्या दोघा भारतीयांनी ह्यावर परिश्रम केले. दहा बोटांपैकी कोणत्या बोटांवर चक्र आहे आणि कोणत्यांवर नाही, हे पाहून त्यांनी सर्व ठशांचे १०२४ वर्ग पाडले. प्रत्येक बोटाला चक्र असणे किंवा नसणे ह्या दोनच शक्यता. दोनला दोनने दहा बोटांसाठी गुणत गेलो, तर १०२४ हाच आकडा येतो, हे तुम्हांलाही करून पाहता येईल. १८९७ साली कलकत्त्यास ठशांची कचेरी सुरू झाली. पुढे ही पद्धत जगभर गेली.

किती सुंदर शोध हा! त्याने खरे गुन्हेगार सापडले, तसेच नाहक पकडलेले कित्येक सुटलेही. परंतु १९११ च्या कायद्याने हेच शास्त्र गुन्हेगार ठरविलेल्या जमातींच्या माणसांवर चालविले. वहीत नाव असलेल्या कोणाचेही ठसे केव्हाही घेण्याची मुभा त्यात होती. अपराध घडण्यापूर्वीच अपराध्याची वही तयार झाली! आणि दैवाचा खेळ असा, की महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी हेही नाव आहे. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या गावे राखली, त्यांच्यावरच पाळत ठेवण्याची पाळी आली.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. त्यातून मोकळे झालेल्या जमातींना ‘विमुक्त’ म्हणतात. कायदा गेला, पण लोकांच्या मनातील संशय एका दिवसात गेला नाही. मराठवाड्यात पारधी समाजाची अनेक कुटुंबे आहेत. कोठे चोरी झाली, की पहिला संशय त्यांच्या पालावर यावा, हे दुःख त्या समाजातील पिढ्यांनी सोसले आहे.

आता आजच्या राखणदाराकडे वळू. चौकात, बसस्थानकावर, देवळाच्या महाद्वारापाशी खांबावर बसविलेला कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. त्याच्या भिंगामागे एक लहानशी चकती असते आणि तिच्यावर लक्षावधी सूक्ष्म बिंदू असतात. प्रत्येक बिंदूवर किती प्रकाश पडला, ह्याचे आकड्यांत रूपांतर होते. हे आकडे तारेवाटे किंवा बिनतारी मार्गाने पोलिसांच्या नियंत्रण कक्षात पोहोचतात आणि तेथील पडद्यावर चित्र उमटते. चित्रण काही काळ साठविले जाते. साठवण भरली, की जुन्यावर नवे चित्रण होते. जागल्या थकतो, त्याला डुलकी लागते; हे यंत्र मात्र रात्रंदिवस पाहत राहते.

ह्या यंत्राचे उपकार मोठे आहेत. २६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर दहशतवाद्यांचा हल्ला झाला. त्या खटल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनस स्थानकावरील कॅमेऱ्यांचे चित्रण पुरावा म्हणून उपयोगी पडले. त्यानंतर मुंबई शहरात पोलिसांनी कॅमेऱ्यांचे जाळे उभारले. २०१६ साली हजारो कॅमेरे कार्यान्वित झाले. गर्दीत हरवलेले मूल, धडक देऊन पळालेले वाहन, चेंगराचेंगरीचे संकट जेथे ओढवू शकेल अशी अरुंद वाट, ह्या सर्वांचा शोध कॅमेऱ्यामुळे सुकर होतो.

परंतु कॅमेऱ्याला संगणकाची जोड मिळाली, की तो पाहण्यापलीकडे जाऊन माणसे ओळखू लागतो. डोळे, नाक, हनुवटी ह्यांची ठेवण मोजून संगणक प्रत्येक चेहऱ्याची आकड्यांची एक ओळ बनवितो आणि आपल्याजवळच्या यादीतील ओळींशी ती ताडून पाहतो. दोन ओळी पुष्कळशा जुळल्या, की तो सूचना देतो. येथे एक गोष्ट नीट ध्यानी धरली पाहिजे. यंत्र केवळ साम्य सांगते. ‘हाच तो मनुष्य’ अशी खात्री ते देऊ शकत नाही.

एक हिशेब करू. समजा, नवरात्रात तुळजापूरला एके दिवशी एक लाख यात्रेकरू आले आणि त्यांच्यात पोलिसांना हवे असलेले दहा भामटे आहेत. समजा, यंत्राने ते दहाही जण बरोबर ओळखले आणि इतरांच्या बाबतीत ते हजारांत एकदाच चुकले. हजारांत एक चूक म्हणजे यंत्र फारच चांगले, असे आपल्याला वाटेल. पण एक लाखांत अशा चुका किती होतील? शंभर! म्हणजे यंत्राने एकशे दहा जणांकडे बोट दाखविले, तर त्यांतील शंभर जण देवीच्या दर्शनाला आलेले निरपराध भाविक असतील. अशा वेळी यंत्राच्या सांगण्यावर विसंबून कोणाच्या हातात बेडी घातली, तर केवढा अन्याय होईल!

ही केवळ कल्पना नव्हे. अमेरिकेतील डेट्रॉइट शहरात जानेवारी २०२० मध्ये पोलिसांनी एका गृहस्थास त्याच्या पत्नीच्या आणि लहान मुलींच्या देखत अटक केली. एका दुकानातील चोराच्या अंधुक चित्राशी त्याच्या छायाचित्राचे साम्य आहे, असे संगणकाने सुचविले होते. तो मनुष्य निरपराध होता. त्याने न्यायालयात दाद मागितली. २०२४ साली झालेल्या समझोत्यात, केवळ चेहरा ओळखणाऱ्या यंत्राच्या आधारे कोणालाही अटक करणार नाही, हे तेथील पोलिसांनी मान्य केले.

मग पाहणाऱ्याला जाब कोण विचारणार? आपल्या देशात हे काम कायदा आणि न्यायालये करतात. उत्तर प्रदेशात एका माणसावर पाळत ठेवणारे पोलीस रात्री-अपरात्री त्याच्या घराचे दार ठोठावीत. तो सर्वोच्च न्यायालयात गेला. डिसेंबर १९६२ मध्ये न्यायालयाने अशा रात्रीच्या भेटी घटनाविरुद्ध ठरविल्या. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले, की आपले खासगी जीवन खासगी राखणे हा घटनेच्या २१व्या कलमात सामावलेला प्रत्येकाचा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालावयाचा असेल, तर त्यासाठी कायदा हवा, योग्य कारण हवे आणि कारणापुरतेच बंधन हवे. २०२२ च्या एका कायद्याने पोलिसांना ठशांबरोबर डोळ्यांतील बुबुळांच्याही नोंदी घेता येतात आणि त्या ७५ वर्षे राखून ठेवता येतात. पूर्वी शिक्षा न झालेला मनुष्य खटल्यातून निर्दोष सुटला, तर न्यायाधीशाचा वेगळा आदेश नसल्यास त्या नोंदी नष्ट कराव्यात, असेही तो कायदा सांगतो. नोंद ठेवणाऱ्यावर नोंद पुसण्याचेही बंधन असावे, हे योग्यच होय.

ह्याहून बोलका निर्णय २ डिसेंबर २०२० चा आहे. कोठडीतील माणसाचा छळ होऊ नये म्हणून देशातील प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे बसवावेत आणि त्यांचे चित्रण दीर्घकाळ जपून ठेवावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने त्या दिवशी दिला. चौकातला कॅमेरा पोलिसांच्या वतीने नागरिकांकडे पाहतो. ठाण्यातला कॅमेरा नागरिकांच्या वतीने पोलिसांकडे पाहतो. गावाने जागल्याला जाब विचारावा, तसाच हा प्रकार झाला.

मुलांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी पोलीस अधिकारी होईल, कोणी संगणक घडवील, कोणी न्यायाधीश होईल. बाकीचे सारे सुजाण नागरिक तर होतीलच. तुमच्या गावच्या चौकात नवा कॅमेरा लागला, तर त्याचे स्वागत करा. आणि त्याबरोबरच विचारा, की ह्याचे चित्रण कोण पाहतो, ते किती दिवस राहते आणि चूक झाल्यास दाद कोठे मागावयाची? असे विचारणे म्हणजे राखणदाराचा अपमान नव्हे. चांगला जागल्या अशा प्रश्नाने रागावत नाही. तो दिव्याची वात मोठी करतो आणि आपण काढलेला माग शिवेपर्यंत दाखवितो.

स्वाध्याय

१. जागल्याचे काम कोणते होते? चोराचा माग न लागल्यास काय होई?
२. बोटांच्या ठशांचे १०२४ वर्ग कसे पडतात, ते उदाहरण घेऊन समजावून सांगा.
३. १९११ च्या कायद्याने निरपराध माणसांवर कोणता अन्याय झाला?
४. पाठातील यात्रेच्या हिशेबात यात्रेकरू दोन लाख असते, तर यंत्राने किती निरपराधांकडे बोट दाखविले असते?
५. ‘चौकातला कॅमेरा’ आणि ‘ठाण्यातला कॅमेरा’ ह्यांतील फरक आपल्या शब्दांत लिहा.
६. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : माग काढणे, जाब विचारणे, पाळत ठेवणे, दाद मागणे.
७. तुमच्या गावी राखणीची पूर्वी कोणती पद्धत होती, ते घरातील वडीलधाऱ्या माणसांना विचारून दहा ओळी लिहा.