दूरदेशी सेवेला जाताना सोबत कुणाची?

1 सप्टेंबर 1938 रोजी मुंबईहून पाच भारतीय डॉक्टर बोटीने चीनला निघाले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनसाठी काँग्रेसने पाठवलेलं हे वैद्यकीय पथक होतं. अलाहाबादचे डॉ. अटल त्याचे प्रमुख. नागपूरचे डॉ. चोळकर पाचांमध्ये वयाने मोठे. डॉ. बासू आणि डॉ. मुखर्जी बंगालचे, आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस अवघ्या 27 वर्षांचे. परक्या मुलखात, युद्धाच्या धामधुमीत, एकमेकांना धरून राहण्याखेरीज या पाचांना दुसरा आधार नव्हता.

पण ही सोबत टिकणारी नव्हती. एकेक करून तिघे मायदेशी परतले आणि मागे कोटणीस व बासू उरले. पुढे त्या दोघांच्याही वाटा वेगळ्या झाल्या. बासू येनानला गेले, कोटणीस उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर राहिले. तिथे त्यांच्याशी मराठीत किंवा हिंदुस्थानीत बोलणारं कुणीही नव्हतं. तरी ते एकटे पडले नाहीत, कारण तोवर ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले होते, रुग्णांशी आणि विद्यार्थ्यांशी त्यांच्याच भाषेत बोलत होते. 1941 मध्ये बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली. त्याच वर्षी परिचारिकांना शिकवणाऱ्या क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचं लग्न झालं. 9 डिसेंबर 1942 ला, 32 व्या वर्षी, ते तिथेच गेले.

आफ्रिकेत वा अन्य कुठल्या देशात स्वयंसेवक म्हणून जाऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने कोटणीसांची ही चार वर्षं नीट पाहायला हवीत. बरोबर गेलेली माणसं आधार देतात, पण ती कधी ना कधी परततात. तेव्हा उरते ती तिथल्या माणसांशी जुळवलेली ओळख.

हे समजायला खकनार सोडायचीही गरज नाही. बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या या तालुक्यातल्या देडतलाईपासून पुढे धारणी-मेळघाटापर्यंत, कोरकूंची गावं पसरली आहेत. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा आहे. तिचं मराठीशी नातं नाही, हिंदीशी नाही, निमाडीशीही नाही. त्यामुळे पुण्याहून किंवा इंदूरहून इथे आलेला कार्यकर्ता आपल्याच देशात असूनही, भाषेच्या बाबतीत टांझानियात उतरलेल्या माणसाइतकाच परका असतो.

या पट्ट्यात बाहेरून आलेल्या तरुण कार्यकर्त्यांचं राहणं मी जवळून पाहिलं आहे. तालुक्याच्या गावी भाड्याची खोली, तीत तिघं-चौघं. दिवसभर गावांमध्ये फिरती, संध्याकाळी एकत्र स्वयंपाक आणि मग रात्री उशिरापर्यंत गप्पा. त्या गप्पांनी किती जणांना सावरलं हेही मी पाहिलं आहे. कुपोषित मूल डोळ्यांदेखत गेल्यावर ते ऐकून घ्यायला, हिवताप चढल्यावर उशाशी बसायला तीच माणसं असतात. पण हळूहळू त्या खोलीला भिंती चढतात. वर्ष उलटलं तरी कोरकूची चार वाक्यं येत नाहीत, कारण त्यांच्यावाचून अडत नाही. कोरकूंचा सगळ्यात मोठा सण होळीचा. गावोगाव दिवसच्या दिवस नाच-गाणी चालतात, फगवा मागायला टोळ्या निघतात. नेमक्या त्याच सुट्टीत खोलीतले सगळे मिळून शहराकडे जातात. ज्या दिवसांत गाव सर्वांत मोकळं असतं, त्याच दिवसांत कार्यकर्ता गावात नसतो. मग तक्रार उरते की लोक मनातलं सांगत नाहीत.

आफ्रिकेतल्या स्वयंसेवेच्या इतिहासात याची दोन टोकं एकाच वर्षी दिसली. अमेरिकेच्या पीस कोअर या स्वयंसेवक संस्थेची पहिली तुकडी ऑगस्ट 1961 मध्ये घानाची राजधानी अक्राच्या विमानतळावर उतरली आणि तिने तिथल्या ट्वी भाषेत गाणं म्हटलं. लोकांनी ते मनापासून उचलून धरलं. पुढे दोनच महिन्यांत नायजेरियात इबादान इथे प्रशिक्षण घेणाऱ्या एका तरुणीने मायदेशातल्या मित्राला पोस्टकार्ड लिहिलं आणि तिथलं राहणीमान किती मागासलेलं आहे याचं वर्णन केलं. कार्ड वाटेत पडलं, विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या हाती लागलं आणि निदर्शनं झाली. त्या तरुणीला परतावं लागलं आणि मागे राहिलेल्या तिच्या सोबत्यांना विद्यार्थ्यांचा राग सोसावा लागला.

आज पोस्टकार्डाची जागा व्हॉट्सअॅपच्या गटाने घेतली आहे. 'आपल्याच लोकांत' म्हणून टाकलेला शेरा किंवा परवानगीवाचून काढलेला रुग्णाचा फोटो त्याच गटातून बाहेर जातो. त्याची किंमत लिहिणारा एकटा देत नाही, सबंध काम देतं.

म्हणून बरोबर आलेल्या सोबत्यांपासून दूर राहावं का? अजिबात नाही. हेमलकशाचं उदाहरण समोर आहे. 23 डिसेंबर 1973 ला भामरागडच्या जंगलात लोक बिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्याबरोबर विलास मनोहर, गोपाळ फडणीस असे सोबती येऊन राहिले. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की जगाशी संबंध तुटायचा, आणि वीज तर कित्येक वर्षं नव्हती. अशा ठिकाणी एकमेकांची सोबत नसती तर कुणीच टिकलं नसतं. पण ती मैत्री दवाखाना, शाळा आणि तिथली माडिया भाषा यांच्याभोवती वाढली. आलेला रुग्ण आणि शाळेतलं मूल तिच्या आतच होतं. म्हणून ती दशकं टिकली.

मेळघाटातल्या बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी आणखी पुढचं पाऊल टाकलं. पोटचं बाळ गंभीर आजारी पडलं, तेव्हा शहरात न जाता गावातल्या इतर बाळांसारखेच तिथेच उपचार करण्याचा निर्णय स्मिताताईंनी घेतला. गावाचा विश्वास तिथून पक्का झाला. 2019 मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक स्वयंसेवकाने इतकी मोठी जोखीम घ्यावी, असं कुणी म्हणणार नाही. पण विश्वास कशाने येतो हे त्यातून कळतं.

तेव्हा निघण्याआधीच संस्थेला स्पष्ट विचारावं: राहण्याची सोय स्थानिक कुटुंबात आहे की परदेशी स्वयंसेवकांच्या वसतिगृहात? भाषा किती दिवस शिकवणार? पीस कोअरमध्ये पहिले साधारण तीन महिने प्रशिक्षणाचे असतात आणि अनेक देशांत स्वयंसेवक त्या काळात स्थानिक घरात राहतात. ही पद्धत नसेल तर स्वतःहून तशी मागणी करावी. संयुक्त राष्ट्रांचा 1970 मध्ये स्थापन झालेला स्वयंसेवक कार्यक्रम अर्जदाराकडून पैसे घेत नाही. त्याच्या नावाने कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबावं.

पोहोचल्यावर आपल्या लोकांना भेटण्याचा एक दिवस बांधून घ्यावा. नैरोबीत महाराष्ट्र मंडळ आहे, तिथे गणेशोत्सवाला जरूर जावं, घरची भाषा मनसोक्त बोलावी. बाकीच्या संध्याकाळी मात्र शेजाऱ्यांच्या अंगणात, बाजारात, प्रार्थनेच्या जागी काढाव्यात. पूर्व आफ्रिकेत जायचं असेल तर स्वाहिलीची सुरुवात खकनारमध्येच करावी.

आपल्या देशाचा आहे एवढ्यावरून कुणाला भरवशाचा मानू नये. पासपोर्ट, पैसे आणि घराची किल्ली यांच्या बाबतीत जी काळजी गावी घेतो तीच तिथेही घ्यावी. एकट्या मुलीने तर सोबत्याची निवड देशावरून नव्हे, वागणुकीवरून करावी. संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीचा आणि एका स्थानिक कुटुंबाचा नंबर कायम जवळ ठेवावा. आजारपणात आधी पोहोचू शकेल तो शेजारीच.

आणि खकनार-देडतलाईच्या ज्या मुलामुलींच्या मनात आफ्रिकेचा अर्ज घोळतो आहे, त्यांना एक विनंती. जाण्याआधी वर्षभर जवळच्या कोरकू गावात काम करा, तिथली होळी तिथेच राहून पाहा. जमलं, आवडलं, तर अर्ज अवश्य भरा.