रस्त्यांची जोडणी आणि विस्तारणारी नगरे

नगराची वाढ सामान्यतः लोकसंख्येवरून व इमारतींवरून मोजली जाते. तथापि, वाढत्या वस्तीतील रस्ते परस्परांना कितपत जोडलेले आहेत, हाही तितकाच महत्त्वाचा निकष होय. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही एकाच लोहमार्गावरील तीन नगरे या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहेत.

तीन नगरे, तीन घडणी

उल्हासनगर हे मूळचे दुसऱ्या महायुद्धकाळातील लष्करी छावणीचे ठिकाण. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना तेथील बराकींत आसरा देण्यात आला आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी वसाहतीचे उल्हासनगर असे नामकरण झाले. बराकींच्या जागी बहुतांशी इमारती उभ्या राहिल्या. परंतु छावणीचे पाच भाग आजही 'कॅम्प' क्रमांकानेच ओळखले जातात. घरे बदलतात, मूळ आखणी मात्र सहसा पुसली जात नाही.

अंबरनाथ येथे 1060 सालचे शिवमंदिर आहे. आधुनिक काळात आयुध निर्माणी व औद्योगिक वसाहत यांमुळे हे नगर वाढले. कारखान्यांच्या कुंपणबंद आवारांतून सार्वजनिक रस्ता जात नसल्याने वस्तीच्या रस्त्यांना त्यांना वळसा घालावा लागतो.

बदलापूरची वाढ अलीकडची आहे. 2001 ते 2011 या दशकात उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे 4 लाख 74 हजारांवरून 5 लाख 6 हजारांवर, अंबरनाथची 2 लाख 4 हजारांवरून 2 लाख 53 हजारांवर, तर कुळगाव-बदलापूरची 98 हजारांवरून 1 लाख 74 हजारांवर गेली. म्हणजेच विस्ताराचा जोर लोहमार्गाने पुढे सरकला. अशा ठिकाणी शेताचा एकेक तुकडा बिनशेती होतो. प्रत्येक तुकड्याला मुख्य रस्त्यापासून पोचरस्ता मिळतो. शेजारच्या तुकड्याशी जोडणी मात्र राहून जाते.

जोडणी कशी मोजावी?

ही मोजणी शाळेतील विद्यार्थ्यांनाही करता येईल. गावाच्या नकाशावर प्रत्येक नाक्याला किती रस्ते मिळतात ते लिहावे. चौकाला चार, तिठ्याला तीन आणि जेथे रस्ता खुंटतो तेथे एक. या आकड्यांची सरासरी जितकी कमी, तितकी जोडणी तुटक. समजा, भिंतीपलीकडील शाळा 100 मीटरवर आहे, पण मुख्य रस्त्यावरून फिरून जाण्यास 800 मीटर पडतात. मग मुले वाहनाने जातात, मुख्य रस्त्यावर गर्दी होते आणि अग्निशामक बंबासही एकच वाट उरते.

2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासात 1975 पासून जगभरच्या नव्या वस्त्यांतील रस्ते अधिकाधिक तुटक होत गेल्याचे आढळले. एकदा पडलेली रचना पुढेही टिकून राहते, असेही त्यात दिसून आले.

निर्णयाची वेळ

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 अन्वये विकास योजना व नगररचना योजना यांची तरतूद आहे. नगररचना योजनेत लहानमोठे भूखंड एकत्र विचारात घेऊन रस्त्यांची सलग आखणी करता येते. नगरांच्या सीमेवरील गावांत नवा अभिन्यास येईल, तेव्हा तीन प्रश्न विचारले जावेत : रस्ता शेजारच्या जमिनीपर्यंत नेला आहे काय? ओढा वा लोहमार्ग ओलांडण्याची सोय कोठे आहे? पायी जाणाऱ्यास जवळची वाट आहे काय?

इमारत पाडून नवी बांधता येते. परंतु घरे उभी राहिल्यावर त्यांच्यामधून रस्ता काढणे अतिशय कठीण व खर्चाचे असते. म्हणून रस्त्याची जागा शेत रिकामे असतानाच राखून ठेवणे इष्ट होय.