दीर्घ आजार आणि कुटुंबाचे अर्थकारण : स्वयंप्रतिकार व्याधींच्या संदर्भात विम्याचा विचार

आजारपणाचा खर्च म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर शस्त्रक्रिया, रुग्णालयातील खाट आणि एकाच वेळी भरावे लागणारे मोठे देयक उभे राहते. आपली बचतही बहुधा अशाच प्रसंगासाठी राखलेली असते. परंतु काही आजार असे आहेत की, ते एकदा घरात आले म्हणजे सहसा परत जात नाहीत. त्यांचा खर्च महापुरासारखा नसून झिरपणाऱ्या पाण्यासारखा असतो. तो दरमहा थोडा थोडा होतो, पण वर्षानुवर्षे चालू राहतो आणि अखेर घराचा पाया पोखरतो. स्वयंप्रतिकार व्याधी या वर्गात मोडतात. अशा व्याधींच्या संदर्भात कुटुंबाने विम्याचा आधार कसा घ्यावा आणि विम्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्याधीचे स्वरूप

शरीरातील रोगप्रतिकारशक्ती बाहेरून येणाऱ्या जंतूंचा नाश करते. काही व्यक्तींच्या बाबतीत हीच शक्ती स्वतःच्या पेशींना परके समजून त्यांच्यावर हल्ला करू लागते. तिचा रोख सांध्यांच्या अस्तराकडे वळला म्हणजे आमवात होतो. स्वादुपिंडातील इन्शुलीन निर्माण करणाऱ्या पेशी नष्ट झाल्या म्हणजे पहिल्या प्रकारचा मधुमेह होतो. मज्जातंतूंच्या आवरणावर आघात झाल्यास मल्टिपल स्क्लेरोसिस संभवतो, तर ल्युपस या व्याधीत त्वचा, सांधे, मूत्रपिंड अशी अनेक इंद्रिये एकाच वेळी सापडू शकतात.

या व्याधींची दोन वैशिष्ट्ये अर्थकारणाच्या दृष्टीने ध्यानात घेण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे, त्या पुष्कळदा ऐन उमेदीच्या वयात उद्भवतात. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांत दुपटीतिपटीने आढळतो, आणि ल्युपसच्या दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात. मुले लहान आहेत, घराचे कर्ज फिटावयाचे आहे, अशा काळात घरातील कर्ती स्त्री आजारी पडते. दुसरे म्हणजे, या व्याधी आटोक्यात ठेवता येतात, परंतु त्यासाठी औषधोपचारांत सातत्य लागते. आमवातात पहिल्या काही महिन्यांतच योग्य उपचार सुरू झाले तर सांध्यांची हानी पुष्कळ अंशी टळते. पैशाच्या चणचणीमुळे औषध थांबविले तर वाकडी झालेली बोटे पुढे कितीही पैसा खर्च केला तरी पूर्ववत होत नाहीत. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात इन्शुलीन थांबविणे हे तर प्राणावरच बेतते. म्हणूनच येथे पैशाची तरतूद हा उपचाराचाच एक भाग ठरतो.

खर्चाचा हिशेब

एक उदाहरण घेऊ. यातील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखविण्यासाठी आहेत. एका मध्यमवर्गीय कुटुंबातील स्त्रीला आमवात आहे. तिच्या औषधांस दरमहा १,८०० रुपये लागतात. दर तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्यांसाठी २,४०० रुपये, म्हणजे महिन्यास ८०० रुपये पडतात. दर दोन महिन्यांनी तज्ज्ञांचे शुल्क ७०० रुपये आणि तालुक्याहून शहरी जाण्यायेण्याचा खर्च ९०० रुपये, म्हणजे या दोहोंचे मिळून महिन्यास ८०० रुपये होतात. ही एकूण रक्कम दरमहा ३,४०० व वर्षाकाठी ४०,८०० रुपये भरते. दहा वर्षांत हा आकडा चार लाखांच्या वर जातो, आणि यात रुग्णालयातील एक दिवसही धरलेला नाही.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की, सर्वसाधारण आरोग्य विमा हा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याच्या खर्चाचा विमा आहे. दाखल होण्यापूर्वीच्या व नंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च त्यात मिळतो. परंतु वरील ४०,८०० रुपयांपैकी बहुतांश रक्कम अशा विमापत्रातून मिळणार नाही. बाह्यरुग्ण उपचारांचा समावेश असलेली विमापत्रे आहेत, तथापि त्यांतील मर्यादा व हप्ता यांची तुलना करूनच ती घ्यावीत. तात्पर्य, नित्याच्या खर्चासाठी घरचा राखीव निधी आणि अचानक येणाऱ्या मोठ्या खर्चासाठी विमा, अशी दुहेरी व्यवस्था करणे इष्ट होय.

विमा केव्हा घ्यावा?

आपल्याकडे मेडिक्लेम या नावाने आरोग्य विमा १९८६ पासून उपलब्ध झाला. त्याचे मूळ तत्त्व आजही तेच आहे : विमा अनिश्चित संकटाचा असतो, ओढवलेल्या संकटाचा नव्हे. यास्तव निरोगी असताना घेतलेला विमा सर्वांत स्वस्त व सर्वांत भक्कम ठरतो. सांधे दुखू लागल्यावर, तपासणीचा अहवाल हाती येण्यापूर्वी घाईने विमा उतरवावा आणि दुखण्याचा उल्लेख टाळावा, असा सल्ला देणारे हितचिंतक भेटतात. हा सल्ला घातक आहे. प्रस्तावपत्रातील प्रश्नांची खरी उत्तरे देणे हा विमा कराराचा पाया असून, माहिती दडविल्याचे उघड झाल्यास नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जातो.

विमा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये केलेले नियम ग्राहकास पुष्कळ अनुकूल आहेत. पूर्वीपासून असलेल्या आजारासाठीचा प्रतीक्षाकाल पूर्वी जास्तीत जास्त ४८ महिने असे. तो ३६ महिन्यांवर आणण्यात आला. म्हणजे आजार प्रामाणिकपणे नमूद करून विमा घेतला आणि कंपनीने तो स्वीकारला, तर अधिकाधिक तीन वर्षांनंतर त्या आजारावरील रुग्णालयीन खर्चही संरक्षणाखाली येतो. विमा सलग ६० महिने चालू राहिल्यानंतर, कपट सिद्ध झाल्याखेरीज, माहिती दडविल्याच्या कारणावरून कंपनीस दावा नाकारता येत नाही. पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. मात्र काही विमापत्रांत विशिष्ट आजार कायमचा वगळण्याची अट रुग्णाच्या संमतीने घातलेली असते. स्वाक्षरी करण्यापूर्वी ती अट अवश्य वाचावी.

आजार जडल्यानंतर काय?

ज्यांचे निदान अगोदरच झाले आहे, त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. त्यांनी पुढील मार्ग क्रमाने तपासावेत.

पहिला मार्ग चालू विम्याचा. निदानापूर्वी घेतलेले विमापत्र असेल तर ते कोणत्याही परिस्थितीत खंडित होऊ देऊ नये. केवळ दावे केले या कारणास्तव कंपनीस नूतनीकरण नाकारता येत नाही. वार्षिक हप्त्यासाठी तीस दिवसांची सवलतीची मुदत असते, परंतु तिच्यावर विसंबू नये. कंपनी बदलावयाची असल्यास नूतनीकरणाच्या तारखेपूर्वी किमान ४५ दिवस अर्ज करावा. पूर्ण केलेला प्रतीक्षाकाल, जुन्या विमा रकमेपुरता, नव्या कंपनीत गणला जातो.

दुसरा मार्ग नोकरीतील सामूहिक विम्याचा. त्यात जुने आजार बहुधा पहिल्या दिवसापासून समाविष्ट असतात. परंतु नोकरी सुटली की संरक्षणही संपते. म्हणून नोकरी चालू असतानाच स्वतंत्र विमापत्र घेऊन ठेवावे, म्हणजे त्याचा प्रतीक्षाकाल सामूहिक विम्याच्या छायेत पुरा होतो.

तिसरा मार्ग कर्मचारी राज्य विमा योजनेचा. या योजनेची वेतनमर्यादा २०१७ मध्ये दरमहा २१,००० रुपये करण्यात आली. कारखान्यांतील व आस्थापनांतील पात्र कामगारांना आणि त्यांच्या कुटुंबियांना येथे बाह्यरुग्ण उपचार व औषधेही मिळतात. दीर्घ आजाराच्या दृष्टीने हा लाभ मोठा आहे. शिवाय स्वतः विमेदार कामगारास आजारपणाच्या काळात वेतनाच्या ७० टक्के भत्ता वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळतो. यादीतील ३४ दीर्घ आजारांसाठी, सेवेच्या अटी पूर्ण असल्यास, ८० टक्के दराने भत्ता दोन वर्षांपर्यंत वाढू शकतो. मायस्थेनिया ग्रेव्हिस ही स्वयंप्रतिकार व्याधी त्या यादीत आहे.

चौथा मार्ग शासकीय योजनांचा. महाराष्ट्रात २०१२ साली आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढे राज्यभर विस्तारली व २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने ओळखली जाऊ लागली. २०२३ मधील निर्णयानुसार तिचे संरक्षण प्रतिकुटुंब दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्यात आले आणि राज्यातील सर्व कुटुंबांना ती खुली झाली. संलग्न रुग्णालयातील आरोग्यमित्रास शिधापत्रिका व ओळखपत्र दाखवून, आपला उपचार योजनेच्या यादीत आहे किंवा नाही, याची विचारणा करावी. सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या नागरिकांना आयुष्मान भारत योजनेचे संरक्षण, उत्पन्नाचा विचार न करता, २०२४ पासून लागू झाले आहे. गोव्यात २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना राबविली जाते. ही योजनाही प्रामुख्याने रुग्णालयीन उपचारांसाठीच आहे.

विमापत्र वाचताना

विम्याची रक्कम किती, एवढेच पाहून भागत नाही. खोलीभाड्याची मर्यादा हे एक दुर्लक्षित कलम आहे. समजा, मर्यादा दररोज ३,००० रुपयांची असून रुग्णाने ६,००० रुपयांची खोली घेतली. चार दिवसांचे भाडे २४,००० झाले, त्यांपैकी १२,००० मिळतील. परंतु कपात येथेच थांबत नाही. डॉक्टर, परिचर्या इत्यादींचे देयक ६०,००० असेल तर त्याच प्रमाणात त्यातील ३०,००० रुपयेच मंजूर होऊ शकतात. औषधे व तपासण्यांचे ४०,००० रुपये या कपातीतून वगळलेले असतात. अशा रीतीने १,२४,००० रुपयांच्या देयकापैकी ८२,००० मिळून ४२,००० रुपयांचा भार कुटुंबावर पडतो.

दुसरे कलम आधुनिक उपचारांचे. औषधांनी आमवात आटोक्यात न आल्यास जैविक औषधांची इंजेक्शने द्यावी लागतात आणि ती महाग असतात. २०१९ मध्ये नियामक प्राधिकरणाने बारा आधुनिक उपचारांची यादी केली. तीत अशा प्रतिपिंडांच्या इंजेक्शनांचा समावेश आहे. तथापि त्यांस स्वतंत्र उपमर्यादा असू शकते. २०२० साली आलेल्या ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित विमापत्रात ती विमा रकमेच्या निम्मी ठेवण्यात आली. रुग्णालयात नेऊन दिलेले इंजेक्शन आणि घरी घेतलेले इंजेक्शन यांतही विमापत्र फरक करते.

गंभीर आजार विमापत्रात निदानानंतर ठरावीक रक्कम एकदम मिळते. मात्र यादीतील आजार व त्याची तीव्रता व्याख्येत बसली पाहिजे. मल्टिपल स्क्लेरोसिस आणि नियमित डायलिसिस लागणारा मूत्रपिंडांचा निकामीपणा अशा याद्यांत आढळतो. केवळ आमवाताचे निदान सामान्यतः पुरेसे ठरत नाही. वैयक्तिक अपघात विमा तर व्याधीमुळे आलेल्या अपंगत्वाची भरपाई करीत नाही. कमावत्या व्यक्तीचा आयुर्विमा मात्र प्रत्येक कुटुंबाने उतरविलाच पाहिजे, कारण रुग्णाचे औषध त्या व्यक्तीच्या कमाईवर अवलंबून असते.

हप्त्याचा भार थोडा हलका झाला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य व आयुर्विम्याच्या हप्त्यांवरील अठरा टक्के वस्तू व सेवा कर रद्द झाला.

दावा नाकारल्यास

नाकारण्याचे कारण लेखी मागावे. प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. एका महिन्यात उत्तर न आल्यास, किंवा उत्तर समाधानकारक नसल्यास, एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे दाद मागता येते. त्यांची कार्यालये मुंबई व पुणे येथे आहेत. तेथे शुल्क लागत नाही व वकिलाची आवश्यकता नसते. निदानाचा पहिला कागद, सर्व अहवाल, पावत्या आणि विमापत्रे तारीखवार लावून ठेवणारे कुटुंब अशा वेळी आपली बाजू ठामपणे मांडू शकते.

नियोजनाची दिशा

यावरून कुटुंबाने करावयाच्या गोष्टी स्पष्ट होतात. नित्य खर्चाचा वार्षिक आकडा काढून किमान सहा महिन्यांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी. वरील उदाहरणात ती २०,४०० रुपये होते. जन औषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळते का, हे डॉक्टरांना विचारून पाहावे. विम्याच्या नूतनीकरणाची तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. विमापत्र कोठे आहे, हे घरातील किमान दोन व्यक्तींना ठाऊक असावे. मुलामुलींची नोकरी लागताच, ती निरोगी असतानाच, त्यांच्या नावे विमा उतरवावा.

स्वयंप्रतिकार व्याधी टाळणे बहुधा आपल्या हाती नसते. परंतु तिच्यामुळे औषध अर्ध्यावर सुटू नये, मुलीचे शिक्षण थांबू नये आणि सावकाराचा उंबरठा झिजवावा लागू नये, एवढी तरतूद सामान्य उत्पन्नाचे कुटुंबही वेळीच विचार केल्यास करू शकते. विमा आजार बरा करीत नाही. तो उपचार चालू ठेवण्याचे बळ देतो, आणि दीर्घ आजारात उपचार चालू राहणे हेच सर्वांत महत्त्वाचे असते.