फवारणीला माणूस पाठवण्याआधी

अगं, लग्न होऊन जळगाव जामोदला गेलीस आणि वावराचा हिशेब, मजुरांची हजेरी सगळं हाती घेतलंस, याचं मला फार कौतुक आहे. म्हणून हे तुलाच सांगते. कपाशीवर फवारणीला माणूस लावशील, तेव्हा त्याच्या अंगावर काय आहे ते आधी बघ.

2017 चा पावसाळा आठवतो ना? यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन 20 हून अधिक शेतकरी-मजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. नशीब कसलं गं ते! कपाशी डोक्याच्या वर गेलेली, त्यामुळे फवारा तोंडावर येत होता. दोन-तीन औषधं एकाच टाकीत कालवलेली, बॅटरीच्या पंपाचे बारीक तुषार, वर उकाडा, अंगात नुसता घामेजलेला सदरा. यातलं काय टाळता येत नव्हतं, सांग!

सातपुड्याच्या पायथ्याशी तुमच्याकडंही भादव्याचं ऊन काही कमी नसतं. फवारणी सकाळीच उरकायची, वारा पाठीशी ठेवून. बाटलीवर लाल त्रिकोण असेल तर कमी विषारी औषध माग. पंप गळका असला की पाठ भिजते, आणि हे विष कातडीतून आत शिरतं. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. हातमोजे, मास्क, चष्मा, बूट फवारणाऱ्याच्या अंगावर हवेत, असं 1971 च्या कीटकनाशक नियमांतच आहे; ते तूच द्यायचे. पाणी वाहणाऱ्या, औषध कालवणाऱ्या बाईलाही हातमोजे दे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात घालू नकोस.

कुणाला मळमळलं, लाळ सुटली, दिसायला धूसर झालं, तर ऊन लागलं म्हणून लिंबूपाणी पाजत बसू नको. लगेच 108 ला फोन लाव. गाडी येईस्तोवर कपडे उतरवून अंग साबणानं धुवायचं, आणि औषधाची बाटली सोबत द्यायची. ती बघून डॉक्टरांना उपचार ठरवता येतो.

गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत मृत्यू झाल्यास 2 लाख मिळतात, तालुका कृषी अधिकाऱ्याकडं 30 दिवसांत अर्ज करायचा. पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, त्या मजुराच्या बायकोला त्यातून काही मिळत नाही. मला हे फार लागतं गं. तिचा माणूस तुझ्या वावरात उभा असतो.

तेव्हा पुढच्या बाजाराला हातमोजे, मास्क, चष्मा, बूट यांचे दोन संच घेऊनच ये. पाहुणे खर्चाचं म्हणाले, तर मला फोन लावून दे. मी बोलते त्यांच्याशी.