'नॉव्हेल' : व्युत्पत्ती, अर्थ आणि मराठी पर्याय

'नॉव्हेल' या इंग्रजी शब्दासाठी मराठीत 'कादंबरी' ही संज्ञा आज इतकी रूढ आहे की, या दोन शब्दांचा पूर्वेतिहास वेगळा आहे याचे भान सहसा राहत नाही. हे वेगळेपण स्पष्ट करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

'नॉव्हेल'चे मूळ 'नवा' या अर्थाच्या लॅटिन 'नोव्हुस' या शब्दात आहे. त्याच्या 'नोव्हेलुस' या लघुत्वदर्शक रूपावरून इटालियन 'नोव्हेला' हा शब्द आला. बोकाचिओच्या 'डेकॅमेरॉन'मधील (चौदावे शतक) कथा या प्रकारच्या होत. इंग्रजीतही आरंभी हा शब्द छोट्या कथेसाठीच योजला जाई. विल्यम पेंटरच्या 1566 मधील कथासंग्रहाच्या शीर्षकात तो अनेकवचनी येतो. दीर्घ गद्यकथेचा अर्थ त्याला पुढे प्राप्त झाला. विशेषण म्हणून 'नवीन, अपूर्व' हा मूळ अर्थ मात्र इंग्रजीत आजही टिकून आहे.

अठराव्या शतकात 'नॉव्हेल' आणि 'रोमान्स' यांत भेद करण्यात आला. क्लारा रीव्ह यांनी 1785 मध्ये प्रत्यक्ष जीवन व समकालीन रीतिरिवाज यांचे चित्रण 'नॉव्हेल'कडे, तर कल्पित व अद्भुत विषय 'रोमान्स'कडे सोपविले. फ्रेंच व जर्मन भाषांनी मात्र दीर्घ कथेसाठी 'रोमान' हे जुन्याच परंपरेतील नाव कायम ठेवले.

मराठी याबाबतीत इंग्रजीपेक्षा फ्रेंचला अधिक जवळची आहे. 'कादंबरी' ही संज्ञा सातव्या शतकातील बाणभट्टाच्या संस्कृत गद्यकाव्यावरून आली. आणि ती कृती तर पुनर्जन्म, शाप व प्रणय यांनी भारलेली आहे. कन्नडनेही हेच नाव स्वीकारले. हिंदी व बंगालीने 'उपन्यास' म्हटले, तर गुजराती 'नवलकथा'त इंग्रजी शब्दाचा ध्वनी आणि नावीन्याचा अर्थ हे दोन्ही जुळून आले.

या नामकरणाचा संबंध समीक्षेशीही पोहोचतो. विधवांच्या दुःस्थितीचे चित्रण करणारे बाबा पदमनजींचे 'यमुनापर्यटन' (1857) आणि लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची अद्भुतरम्य 'मुक्तामाला' (1861) यांना आपण एकाच नावाने संबोधतो. इंग्रजी भेद प्रमाण मानल्यास 'मुक्तामाला' ही सदोष 'नॉव्हेल' ठरते. मराठी संज्ञेचा पूर्वेतिहास ध्यानी घेतल्यास ती आपल्या नावाशी प्रामाणिकच दिसते. म्हणून एकोणिसाव्या शतकातील अद्भुतरम्य कादंबरीला वास्तवाच्या अभावाचा दोष देण्यापूर्वी, आपण कोणत्या संज्ञेचा निकष लावीत आहोत, हे तपासून पाहणे आवश्यक ठरते.