रोपे सारखी, मग धोका कुठे?

प्रश्न : माझी चार एकर केळी आहे, सगळी टिश्यू कल्चरची ग्रँड नैन. भावाकडे बसराई आहे. म्हणजे आमच्या घरी वाणांची विविधता आहेच ना? शिवाय प्रयोगशाळेतली रोपे रोगमुक्त असतात. मग काळजी कशाची?
– एक केळी उत्पादक, फैजपूर (ता. यावल)

उत्तर : भाऊ, घाबरू नका; पण दोन गैरसमज दूर करा. ग्रँड नैन आणि बसराई ही नावे वेगळी असली तरी दोन्ही कॅव्हेंडिश गटातलीच. उंची वेगळी, आनुवंशिक घडण जवळजवळ एकच. आणि टिश्यू कल्चरचे रोप निरोगी येते, पण रोगप्रतिकारक नसते. एका झाडाला जो रोग मारतो, तो साऱ्या बागेला मारू शकतो.

जगाने हे भोगले आहे. ग्रॉस मिशेल हा निर्यातीचा वाण पनामा मर रोगाने 1960 च्या सुमारास व्यापारातून गेला. त्याची जागा कॅव्हेंडिशने घेतली. आता याच रोगाचा टीआर-4 प्रकार कॅव्हेंडिशलाही मारतो. तो बिहार, उत्तर प्रदेशात आढळला आहे.

काय करावे? विषाणू-तपासणी झालेलीच रोपे घ्या. परप्रांतातून कंद, मुनवे आणू नका. दुसऱ्याच्या शेतातून आलेली अवजारे, ट्रॅक्टरची चाके धुऊन घ्या. मर रोगाची बुरशी मातीत वर्षानुवर्षे टिकते. पिकांची फेरपालट करा. परसात वेलची केळीसारख्या वेगळ्या गटाची चार झाडे जपा. तीही रोगमुक्त नसतात, पण वेगळी असतात. झाड पिवळे पडून मरू लागले, तर जळगावच्या केळी संशोधन केंद्राला लगेच दाखवा.

आज जपलेला जुना वाणच उद्याच्या नव्या वाणाचे बियाणे ठरतो.